तीन पिकअप आणि माझं माप

चाळीस वर्षं त्या घरात माझं दूध कुणी मापलं नाही. मी माझ्या मापाने मापायची, त्यांच्या गंजात ओतायची, वर थोडं घालायची आणि निघायची. त्या दिवशी भाबीने खुंटीवरचं स्टीलचं माप काढलं, फडक्याने पुसलं आणि मी ओतलेलं दूध माझ्यासमोर दुसऱ्या गंजात एकेक लिटर करून ओतून पाहिलं. पाच लिटर होतं, पाच भरलं. तिने माप परत खुंटीला लावलं. मी बरणीला झाकण लावलं आणि घरी आले.

तिने शिवी दिली असती तर मी उलटून दिली असती. पण दूध घेणाऱ्याला मापायचा हक्क आहे, त्याच्यावर भांडण कसं करणार? घरी आल्यावर सुनेने चहा दिला. तो तसाच गार झाला आणि मग म्हशीच्या घमेल्यात ओतला.

भाबी म्हणजे आमच्या अमरावतीच्या वस्तीतल्या बेकरीची मालकीण. टोस्ट, खारी, नानखटाई. माल बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोल्यापर्यंत दुकानांना जातो. मालक गेल्यापासून गल्ला ती बघते आणि गाडी तिचा मुलगा चालवतो. ती माझ्यापेक्षा दोनतीन वर्षांनी मोठी असेल, नक्की तिलाही माहीत नाही. आमचं नातं दुधाचं. तिच्या घरी लग्न निघालं की दूध माझं, माझ्या घरी बारसं निघालं की नानखटाई तिची. याच्यापेक्षा जास्त गळ्यात गळा आम्ही कधी घातला नाही, गरजही पडली नाही.

माझं सांगायचं तर मी चौथी शिकलेली बाई. नवरा दारू पीत नव्हता, पण कामही करत नव्हता, म्हणून म्हशी मी धरल्या. एकीच्या चार झाल्या, चारच्या नऊ. नांदगाव पेठेकडे कारखाने आले तशी वस्ती वाढली, दूध घेणारे वाढले. दुधात पाणी घालणारे चिक्कार होते, मी घातलं नाही. त्यात मोठेपणा नाही. पाणी घातलं की गिऱ्हाईक एक महिना टिकतं, नाही घातलं की नातवंडांपर्यंत टिकतं, एवढा साधा हिशेब आहे.

पण वस्तीत माझं नाव झालं ते पाण्यामुळे नाही, फेसामुळे. ताजं दूध मापात जोरात ओतलं की वर दोन बोटं फेस येतो. बाकीचे दूधवाले फेसासकट माप गंजात उलटं करतात आणि पुढच्या घरी जातात. मी थांबते. फेस बसू देते. मग जेवढं कमी दिसेल तेवढं वरून घालते. घाईतल्या बायका म्हणायच्या, बाई, ओता ना, शाळेची वेळ झाली. मी म्हणायची, फेसाचे पैसे घेत नसते मी. पुढे पुढे लोक म्हणू लागले की वस्तीत खरं माप पाहिजे असेल तर दूधवाल्या बाईला बोलवा. भांडणात, वाटणीत, गव्हाच्या पायलीत, मला बोलवायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू.

हे सगळं बिघडलं ते पिकअप गाडीच्या अ‍ॅव्हरेजवरून.

आमच्या वऱ्हाडात कुणी नवी गाडी आणली तर रंग कुणी विचारत नाही. पहिलं विचारतात, किती देते? म्हणजे एका लिटर डिझेलमध्ये किती किलोमीटर. म्हशीबद्दलही आम्ही हेच विचारतो. आणि दोन्हीकडे विकणारा जे सांगतो ते अर्धं सोडून द्यायचं असतं. म्हैस विकणारा आदल्या वेळचं दूध काढत नाही, कास तट्ट दिसावी म्हणून. तुमच्यासमोर काढून दाखवतो, बादली भरते, तुम्ही खूश. म्हणून मी म्हैस घेताना तीन वेळा दूध काढायला लावते. दोन दिवस त्याच्या गोठ्यात बसते. एका वेळच्या दुधावर मी आजवर म्हैस घेतली नाही.

माझा भाचा अकोल्याला पिकअपच्या शोरूमात विकायच्या कामावर आहे. माझ्या भावाचा मुलगा. त्याची आई लवकर गेली, तेव्हा भावाने त्याला माझ्याकडे आणून सोडलं. चौथीपासून बारावीपर्यंत माझ्याच घरी होता. सकाळी माझ्याबरोबर रतीब घालायला यायचा, मग शाळेत जायचा. फेस बसेपर्यंत माप हातात धरून उभा राहायचा, हात थरथरला तरी खाली ठेवायचा नाही. भाबीकडे पोचलो की तिच्या फळीवरून नानखटाई घ्यायचा, विचारायचा नाही. ती म्हणायची, पोट्टं हक्काचं हाय.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला तो आला. आमच्या भागातल्या सात जणांच्या गाड्या एकदमच म्हाताऱ्या झाल्या होत्या. दोन दूधवाले, एक भाजीवाला, गुरांची पेंड विकणारे दोन ढेपवाले, शेंदूरजनाघाटहून संत्रा आणणारा एक, आणि भाबीचा मुलगा. सगळे वर्षभर एकच बोलत होते, कोणती घ्यावी. तीन कंपन्यांच्या गाड्या डोळ्यासमोर होत्या, पांढरी, निळी, राखाडी. रंग कंपनीचा नव्हता, पण आम्ही तसंच म्हणायचो. पांढरी भाच्याच्या शोरूमची. भाबीच्या मुलाचं मन निळीवर होतं. कागदावर प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा आणि कुणाचाच खरा वाटेना.

भाच्याने सगळ्यांना बेकरीच्या अंगणात जमवलं आणि सांगितलं, कागद सोडा, समोर पाहा. तीन गाड्या आणतो. तिन्हीत सारखा माल भरायचा, एकाच दिवशी अमरावतीहून अकोल्याला जायचं आणि परत यायचं. सकाळी तिन्हीच्या टाक्या काठोकाठ, संध्याकाळी पुन्हा काठोकाठ. संध्याकाळी जेवढं डिझेल बसेल तेवढं गाडीने खाल्लं. याला टाकी फुल करून पाहणं म्हणतात. सगळ्यांना पटलं. भाजीवाला म्हणाला, भरणार कोण? पंपावरचा पोरगा तुमच्या ओळखीचा असेल.

भाचा माझ्याकडे वळला. म्हणाला, "भरताना आत्या उभी राहील. तिच्या मापावर कोणाले शंका असेल त्यानं आत्ताच सांगावं."

भाजीवाल्याने मान हलवली. भाबी टोस्टच्या पिशव्या मोजत होती, ती न बघताच म्हणाली, "बाई उभ्या असतील तर मग बातच खतम."

मी नाही म्हणाले असते तर आज हे लिहायला बसले नसते. पण मला बरं वाटलं. गाडीतलं मला काही कळत नाही, पण भांडं भरलं की नाही हे कळतं, असं मी स्वतःशी म्हटलं.

ठरलेल्या दिवशी सकाळी तीन गाड्या उभ्या राहिल्या. प्रत्येकीत सरकीच्या ढेपेची वीस पोती. पोती मी मोजली, दोन पोती उचलून काट्यावर टाकायला लावली. पांढरी अगदी कोरी होती म्हणून तिच्या पुढच्या बाजूला, नंबरपट्टीवर, मी लिंबू-मिरची बांधली. घरच्या सात मिरच्या, एक लिंबू, वीतभर दोरा. भाचा पाया पडला. त्याने मोबाइल एका पोऱ्याच्या हातात दिला होता, तो सगळं चित्रीकरण करत होता.

पंप हायवेला लागून आहे. बदनाम पंप नाही, उलट तिथलं डिझेल चांगलं म्हणतात. निळी आणि राखाडी मधल्या लाइनीत गेल्या. तिथे गर्दी झाली म्हणून भाच्याने पांढरी बाहेरच्या, रस्त्याच्या बाजूच्या लाइनीत घेतली. पंपावरच्या पोराने नळी लावली, ती आपोआप खट् करून थांबली. तो म्हणाला, झाली फुल. मी म्हटलं, फेस आहे. डिझेललाही फेस येतो, दुधापेक्षा जास्त. मी सांगितलं, दोघं जण मागून गाडी हलवा. हलवली. फेस बसला, डिझेल खाली गेलं. म्हटलं, टाक. पुन्हा टाकलं. असं तीन वेळा केलं, प्रत्येक गाडीला, तोंडाशी डिझेल चमकेपर्यंत. भोवती वीस-पंचवीस माणसं जमली होती. एक ट्रकवाला म्हणाला, "म्हतारी पंपावाल्याचा बाप हाय." लोक हसले. मीही हसले.

गाड्या गेल्या. मी घरी येऊन म्हशी धुतल्या. चारच्या पुढे फोन आला की परत येत आहेत, मी पुन्हा पंपावर गेले. निळी आणि राखाडी मधल्या लाइनीत. पांढरी अकोल्याकडून आली ती सरळ बाहेरच्याच लाइनीत शिरली, पण तोंड उलट्या दिशेला. टाकीचं झाकण डाव्या बाजूला असतं, त्यामुळे पंपावरच्या पोराला नळी गाडीच्या मागून ओढून पलीकडे न्यावी लागली. मला दिसलं. मनात आलं, सरळ लावायची होती. पण मी फेसाकडे बघत होते. हलवा, थांबा, टाका. तोंडाशी डिझेल चमकलं. मी हात वर केला.

पांढरीला साडेअकराच्या आत डिझेल बसलं, बाकीच्या दोघींना चौदाच्या आसपास. मीटरवर किलोमीटर तिन्हीचे जवळपास सारखेच. भाच्याने मोबाइलवर भागाकार करून सांगितलं, पांढरीने सतराच्या वर दिलं आणि बाकीच्यांनी चौदा. मग मोबाइल माझ्यासमोर धरला आणि विचारलं, आत्या, माप खरं का? मी म्हटलं, "माया डोळ्यासमोर भरलं. खरं हाय."

एवढंच बोलले. हे पाच शब्द नंतर सगळ्या वऱ्हाडात फिरले.

महिन्याभरात सातपैकी सहा जणांनी पांढरी घेतली. भाबीच्या मुलाने निळीसाठी पैसे देऊन ठेवले होते, ते परत घेतले. त्याची कुरकूर होती, निळीचा मागचा हौदा मोठा आहे, टोस्टच्या पेट्या जास्त बसतात म्हणून. भाबीने त्याला गप्प केलं. बाईंनी भरलं, बाईंनी सांगितलं, आता तुझी अक्कल नको. हे तिनेच मला हसत सांगितलं होतं, दूध ओतताना.

मग पावसाळा गेला. रस्त्यात, दुकानात, पांढरी घेतलेले लोक मला भेटायचे आणि पूर्वीसारखं थांबून बोलायचे नाहीत. भाजीवाल्याने दुधाचा रतीब बंद केला, सांगितलं की मुलं पाकिटाचं पितात. मी जास्त विचार केला नाही. आणि मग भाबीने माप काढलं.

तीन दिवस ती मापत होती आणि मी बघत होते. चौथ्या दिवशी मी बरणी खाली ठेवली आणि ओट्यावर बसले. म्हटलं, भाबी, आता बोला.

तिने फडक्याने माप पुसून खुंटीला लावलं. मग म्हणाली, "बुरा नका मानू बाई. गाडी साडेतेराच्या वर देत नाही. पोरगा बोलला, अम्मी, त्यायले हिस्सा भेटला असेल. मी त्याले चूप केलं. पण रातभर एकच डोक्यात. बाईनं गाडीत केलं, तं दुधात बी केलं असेल का?"

मी विचारलं, "आन् पाच लिटर पुरे भरले ना?"

"भरले," ती म्हणाली. "तरीबी मापून राहिली मी. आता हात थांबत नाही."

मला भाच्याचा राग आला नाही तेव्हा. मला वाटलं, यांचा मुलगा गाडी दामटत असेल. नवी गाडी, मोकळा हायवे, पोरं ऐकतात का? मी भाबीच्या मुलाला बोलावलं आणि तोंडावर तसं विचारलंही. त्याने वाद घातला नाही. मोबाइल काढला आणि म्हणाला, "मावशी, तुमीच पाहा. आमी तं पन्नास वेळा पाह्यलं."

पंपावरचा तो व्हिडिओ मी तोपर्यंत पाहिला नव्हता. मोबाइल मला फोन घेण्यापुरता. सकाळची पांढरी दिसली, मग मी, मग लोक, मग संध्याकाळची पांढरी, मग माझं तोंड, खरं हाय. खाली काहीतरी गाणं लावलं होतं. मी म्हटलं, पुन्हा लाव. स्वतःचं तोंड बघायला नाही. मला माझी लिंबू-मिरची दिसली होती.

दोऱ्याला बांधलेली वस्तू जमिनीकडे सरळ लोंबते, गाडी कशीही उभी असो. सकाळच्या चित्रात दोरा नंबरपट्टीच्या मधून निघून लिंबू एका बाजूला बोटभर सरकलेलं होतं. संध्याकाळच्या चित्रात तेच लिंबू दुसऱ्या बाजूला बोटभर. मी बांधताना मधोमध बांधली होती, माझी बांधलेली मला माहीत आहे. म्हणजे लिंबू सरकलं नव्हतं, गाडी कलंडली होती. सकाळी एकीकडे, संध्याकाळी दुसरीकडे.

मी त्याला म्हटलं, मला पंपावर घेऊन चल. त्याच गाडीत बसून गेलो. बाहेरच्या लाइनीत जमीन रस्त्याच्या नालीकडे उतरती आहे. एक पोऱ्या फरशीवर बादलीने पाणी मारत होता, ते पाणी धावतच नालीकडे गेलं. रोजचं येणंजाणं आहे माझं तिथून, पण कधी पाहिलं नव्हतं. दूध मापताना माप माझ्या हातात असतं. ते मी सरळच धरते. भांडं तिरकं ठेवून कुणी भरेल हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

घरी आले आणि भाबीकडून तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा मागवला, कोपऱ्यात तोंड असलेला. एका बाजूखाली वीट ठेवली. तोंड वरच्या बाजूला आलं तेव्हा माझ्या मापाने पाणी ओतत गेले, सगळा डबा भरला. डबा रिकामा केला, फिरवून ठेवला. आता तोंड उताराकडे. दोन मापं कमी असतानाच पाणी तोंडातून वाहायला लागलं. आत वरच्या कोपऱ्यात पोकळी राहिली होती, बाहेरून बघणाऱ्याला डबा काठोकाठ. सून गोठ्याच्या दारात उभी राहून बघत होती. तिने विचारलं, काय करून राहिल्या, आत्याबाई? मी म्हटलं, म्हैस तपासून राहिली.

सकाळी टाकी खरी भरली होती, कारण तोंड वर होतं. संध्याकाळी अडीच-तीन लिटर कमी असतानाच भरल्यासारखी दिसली, कारण तोंड खाली होतं. तेवढं डिझेल पांढरीने खाल्लं, पण मोजलंच गेलं नाही. आणि त्याच्यावर शिक्का माझा.

दुसऱ्या दिवशी एसटीने अकोल्याला गेले. शोरूम बायपासवर आहे, आत गारगार, फरशी आरशासारखी. मी चपला बाहेर काढल्या, मग दिसलं की बाकी सगळे चपला घालूनच आत जातात, पण पुन्हा घातल्या नाहीत. भिंतीवर मोठा टीव्ही. टीव्हीवर मी. आवाज बंद होता, तोंड हलत होतं. खरं हाय, खरं हाय, संपलं की पुन्हा सुरू.

भाचा धावत आला. आत्या, सांगितलं का नाही, गाडी पाठवली असती. चहा मागवला, खुर्ची दिली. मी बसले नाही. म्हटलं, सकाळी पांढरी कोणत्या तोंडाने उभी केली आणि संध्याकाळी कोणत्या?

त्याला लगेच कळलं. दोन मिनिटं टाळाटाळ केली, मग काचेच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. हळू आवाजात सांगू लागला की सगळेच करतात. कुणी चाकाची हवा वाढवतात, कुणी उतारावर गाडी बंद करून सोडतात, कंपनीचे साहेब महिन्याला किती गाड्या गेल्या एवढंच विचारतात. त्याने तरी खोटा आकडा लिहिला नाही, डिझेल तर खरंच ओतलं. मी ऐकून घेतलं.

मग तो म्हणाला, "आत्या, तू कुठं खोटं बोलली? तुयं काम फेस पाह्याचं होतं, तू पाह्यलं."

"तुले ठाऊक होतं मी फेसच पाहीन."

त्याने खाली बघितलं. "ठाऊक होतं म्हणूनच तुले बोलावलं. दुसऱ्या कोणी गाडी कशी उभी हाय ते पाह्यलं असतं."

आठ वर्षं माझ्या शेजारी माप धरून उभा होता. मला वाटायचं, मी त्याला खरं माप शिकवते आहे. तो माझी नजर शिकत होता. कुठे जाते आणि कुठे जात नाही.

मी विचारलं, भाबीची नानखटाई किती वर्षं खाल्ली? त्याने मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला. मी सांगितलं, तो व्हिडिओ काढून टाक. तो म्हणाला, आता माझ्या हातात नाही. मुंबईच्या ऑफिसने घेतला, सगळ्या शोरूमात लावला, लोकांनी एकमेकांना पाठवला. कुठून कुठून काढू? हे मात्र खरं असावं. चहा आला तेव्हा मी बाहेर चपला घालत होते.

बसमध्ये खिडकीशी बसले. बोरगाव गेलं, मूर्तिजापूर गेलं. रस्त्यात पांढऱ्या पिकअप दिसत होत्या आणि प्रत्येकीकडे बघून मला वाटत होतं, ही माझ्यामुळे असेल. हे बरोबर नव्हतं, पंधरापैकी एखादी असेल. पण तसं वाटत होतं.

त्या रविवारी सहाही जणांना बेकरीच्या अंगणात बोलावलं. पांढरी घेतलेले सगळे आले, रागावलेलेही आले, कारण बाई काय सांगते याची उत्सुकता होती. तेलाचा डबा, वीट, पाण्याची बादली आणि माझं माप. मी काही भाषण केलं नाही. एकदा तोंड वर ठेवून भरला, एकदा तोंड खाली ठेवून. मापं मोठ्याने मोजली. मग म्हटलं, "तुमची गाडी साडेतेरा देते, ते तुमी चालवता म्हणून नाही. गाडीच तेवढी देते. मी चुकलं सांगतलं."

एकाने वाकून डब्यात पाहिलं. मग ढेपवाल्यांपैकी एक म्हणाला, म्हणजे भाच्याने आत्यालाच मापलं. दोघंतिघं हसले. मी त्यांना हसू दिलं, तेवढा त्यांचा हक्क होता. भाजीवाल्याने विचारलं, "बाई, तुमी म्हैस घेताना तीन वेळा दूध काढता. इथं काहून एकाच वेळी मानलं?"

मी म्हटलं, "भाचा होता म्हणून."

तो म्हणाला, आता सांगून काय फायदा, हप्ते तर आमालेच भरायचे. त्याचं बरोबर होतं. कुणाची गाडी बदलून मिळाली नाही. दोघांनी शोरूमात जाऊन भांडण केलं, त्यांना दोन सर्व्हिसिंग फुकट मिळाल्या. भाबीचा मुलगा टोस्टच्या पेट्या आता दोन खेपांत नेतो. माझ्याशी बोलतो, पण मोजून.

व्हिडिओ अजून फिरतो. मागे अचलपूरला नात्यात लग्न होतं, बसस्टँडवर एका अनोळखी माणसाने ओळखलं. तुमी त्या पिकअपवाल्या बाई ना? आमी घेऊन राहिलो पांढरी, तुमचं पाहूनच. त्याच्या हातात पिशव्या होत्या, बस लागली होती. मी त्याला तिथेच धरून डबा, वीट, उतार सगळं सांगायला लागले. त्याने अर्धं ऐकलं. बाकीचं त्याला वाटलं असेल, म्हातारीचं भाच्याशी बिनसलं आहे. बस सुटली, तो गेला. घेतली की नाही, मला माहीत नाही.

भाचा दिवाळीत फोनवर म्हणाला, आत्या, येऊ का? मी म्हटलं, ये. आधी वस्तीतल्या सहा घरी जा, मग सातवं माझं. तो अजून आलेला नाही. भाऊ म्हणतो, एवढ्याशा डिझेलवरून नातं तोडतेस. मी तोडलं नाही. रस्ता सांगितला आहे.

आणि भाबी. अंगणातला तो डबा तिने ठेवून घेतला, त्यात आता पीठ चाळायची चाळणी ठेवते. रविवारनंतरही ती दूध मापत राहिली. महिनाभराने एके सकाळी मी दूध ओतलं आणि ती तशीच उभी राहिली, खुंटीकडे गेली नाही. म्हणाली, "राहू द्या बाई. आता काय मापायचं."

मी बरणी उचलली नाही. मला तिचं मन कळत होतं, पण मला ते नको होतं. न मापता चाळीस वर्षं घेतलं, त्याच भरवशावर तिच्या दारात पांढरी गाडी उभी राहिली.

मी म्हटलं, "मापा."

तिने माप काढलं. पहिला लिटर जोरात ओतला, वर फेस आला. तिने माप हातात धरलं आणि ती थांबली. बाहेर तिचा मुलगा पेट्या लावत होता, ओरडला की उशीर होतोय. ती थांबलीच. फेस बसला, दूध काठाच्या खाली दिसलं. मग तिने ते माप माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, वरचं घाला.

मी घातलं.